मेरी पिकफर्ड: आयुष्य, तीन लग्नं आणि वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मूकपटांच्या जमान्यातल्या या नटीबद्दल लोक जे पुन्हा पुन्हा विचारतात ते इथे एका जागी ठेवलं आहे. प्रत्येक उत्तर सुटं वाचलं तरी चालेल. जिथे दोन प्रश्न एकमेकांत शिरतात तिथे क्रमांक दिला आहे.

१. मेरी पिकफर्ड म्हणजे नेमकी कोण? मी फक्त नाव ऐकलं आहे.

कॅनडात जन्मलेली, अमेरिकी रंगभूमीवर वाढलेली आणि १९०९ ते १९३३ या काळात पडद्यावर राज्य केलेली नटी. सोनेरी कुरळ्या केसांची अल्लड मुलगी ही तिची पडद्यावरची ओळख. पडद्यामागे मात्र ती निर्माती होती, युनायटेड आर्टिस्ट्स या चित्रपट कंपनीच्या चार संस्थापकांपैकी एक होती आणि करारावर सही करण्यापूर्वी त्यातला शब्दन्‌शब्द वाचणारी पक्की व्यवहारी बाई होती. तिच्या लग्नांची गोष्ट नेहमी प्रेमकथा म्हणून सांगितली जाते. माझं मत विचाराल तर हिशोबाची वही शेजारी ठेवल्याशिवाय ती कथा कळत नाही. म्हणूनच खालच्या उत्तरांत पैशाचा विषय वारंवार येईल.

२. तिचं खरं नाव काय? आणि जन्मवर्ष कुठे १८९२, कुठे १८९३ असं का दिसतं?

खरं नाव ग्लॅडिस लुईस स्मिथ. जन्म ८ एप्रिल १८९२, टोरांटोच्या युनिव्हर्सिटी अ‍ॅव्हेन्यूवरच्या घरात. १८९३ हे साल तिने स्वतःच सांगितलेलं आहे. नटीने वय एखाद्या वर्षाने कमी सांगणं ही काही हॉलिवुडची मक्तेदारी नव्हे. ‘पिकफर्ड’ हे आडनाव तिच्या आईच्या माहेरच्या घराण्यातून आलं, आणि ‘मेरी पिकफर्ड’ असं रंगमंचावरचं नाव न्यूयॉर्कचा नाट्यनिर्माता डेव्हिड बेलास्कोने १९०७ मध्ये मुक्रर केलं.

३. ती आधी नाटकात होती का?

होती, आणि तेही वयाच्या सातव्या वर्षापासून. वडील जॉन स्मिथ दारूच्या आहारी गेलेले होते. ते घर सोडून गेले आणि १८९८ मध्ये वारले. पदरी तीन लेकरं, ग्लॅडिस, लॉटी आणि जॅक. आई शार्लट शिवणकाम करायची आणि घरातल्या खोल्या भाड्याने द्यायची. अशाच एका भाडेकरूचा नाटक कंपनीशी संबंध होता. त्याच्या सांगण्यावरून जानेवारी १९०० मध्ये टोरांटोच्या प्रिन्सेस थिएटरात ‘द सिल्व्हर किंग’ या नाटकात ग्लॅडिसला दोन चिमुकल्या भूमिका मिळाल्या, एक मुलाची आणि एक मुलीची. त्याच नाटकात आई ऑर्गन वाजवत होती.

पुढची सहा-सात वर्षं फिरत्या कंपन्यांत गेली. आगगाडीचा प्रवास, स्वस्तातल्या खोल्या, आज या गावी तर उद्या त्या गावी. शाळा जवळजवळ नाहीच. आपल्याकडच्या जुन्या नाटक मंडळींच्या बिऱ्हाडाची आठवण यावी असं ते जिणं होतं. तेव्हापासून घरातली खरी कमावती ही पोरगीच होती, आणि पुढे कोट्यधीश झाल्यावरही उद्या पैसे संपतील ही धास्ती तिच्या मनातून गेली नाही.

१९०७ मध्ये तिने बेलास्कोकडे खेटे घालून ब्रॉडवेवर ‘द वॉरन्स ऑफ व्हर्जिनिया’ मध्ये काम मिळवलं. नाटक विल्यम डेमिलचं, आणि त्याचा भाऊ सेसिल त्यात नट म्हणून होता. हाच पुढचा दिग्दर्शक सेसिल डेमिल.

४. मग सिनेमात कशी आली?

नाटक संपलं आणि हाताला काम नव्हतं, म्हणून. एप्रिल १९०९ मध्ये ती न्यूयॉर्कच्या बायोग्राफ या चित्रपट कंपनीच्या दारात उभी राहिली. तेव्हा नाटकवाले सिनेमाकडे नाक मुरडत. तिथला दिग्दर्शक डी. डब्ल्यू. ग्रिफिथने तिची चाचणी घेतली आणि रोज ५ डॉलर देऊ केले. तिने १० मागितले, आणि मिळवले. वय १७.

त्या एका वर्षात तिने ५१ छोटे चित्रपट केले. मोलकरीण, आई, फुलवाली, मिळेल ते काम. बायोग्राफ नटांची नावं जाहीर करत नसे, त्यामुळे प्रेक्षक तिला ‘सोनेरी केसांची मुलगी’ म्हणूनच ओळखायचे आणि थिएटरवाले बाहेर तसंच लिहायचे. नाव नसताना नाव झालं ते असं.

५. तिची एकूण लग्नं किती? थोडक्यात सांगा.

तीन. ओवेन मूर (१९११ ते १९२०), डग्लस फेअरबँक्स (१९२० ते १९३६) आणि चार्ल्स ‘बडी’ रॉजर्स (१९३७ पासून तिच्या मृत्यूपर्यंत). तिघेही नट. तिघांबरोबरही तिने पडद्यावर काम केलं होतं, पण ‘आधी काम की आधी प्रेम’ याचं उत्तर प्रत्येक वेळी वेगळं आहे. त्यासाठी ६, ८ आणि १४ पाहा.

६. ओवेन मूरशी तिने चोरून लग्न का केलं?

आईमुळे. मूर आयर्लंडमध्ये जन्मलेला, देखणा आणि बायोग्राफमध्येच काम करणारा. मेरीची पहिली मोठी भूमिका ‘द व्हायोलिन मेकर ऑफ क्रिमोना’ (१९०९) मधली, त्यात तोही होता. शार्लटला तो पसंत नव्हता. ७ जानेवारी १९११ रोजी दोघांनी गुपचूप लग्न उरकलं. मेरी १८ वर्षांची होती. त्याच सुमारास कार्ल लेमलीच्या आयएमपी कंपनीबरोबर दोघं चित्रीकरणासाठी क्युबाला गेली आणि तिथेच खटके उडायला लागले.

मूर प्यायचा, हातही उचलायचा. बायकोची कमाई आपल्या कितीतरी पट हे त्याला सोसवत नव्हतं. दोघं वर्षानुवर्षं कधी एकत्र, कधी वेगळी अशी राहिली. ज्या व्यसनाने बाप घरातून नेला तेच नवऱ्याच्या रूपाने पुन्हा घरात आलं. पण चाहत्यांना पडद्यावरची निरागस पोर हवी होती, नवऱ्याशी भांडणारी बाई नको होती. त्यामुळे घटस्फोटाचा विषय लांबत गेला.

७. आठवड्याला १०,००० डॉलर मिळायचे ही लोणकढी थाप ना?

अजिबात नाही. १९१३ मध्ये ती बेलास्कोच्या ‘अ गुड लिटल डेव्हिल’ या नाटकात अंध मुलीचं काम करत होती. निर्माता अडॉल्फ झुकोरने त्याचा चित्रपट करायला घेतला आणि मेरीला आपल्या फेमस प्लेयर्स कंपनीत आणलं. तेव्हा पगार आठवड्याला ५०० डॉलर होता. १९१४ चा ‘टेस ऑफ द स्टॉर्म कंट्री’ तुफान चालला आणि आकडे चढायला लागले. जून १९१६ च्या करारात आठवड्याला १०,००० डॉलर, नफ्यात निम्मा वाटा आणि निर्मितीवर तिचा शब्द अखेरचा, असं सगळं होतं.

त्याच वर्षी चार्ली चॅप्लिनने म्युच्युअल कंपनीकडून आठवड्याला १०,००० आणि वर १,५०,००० डॉलर घेतले होते. मेरीला हे पाठ होतं. वाटाघाटींना शार्लट शेजारी बसायची. माय-लेकींपुढे भलेभले निर्माते हात टेकत.

५ फेब्रुवारी १९१९ रोजी मेरी, चॅप्लिन, फेअरबँक्स आणि ग्रिफिथ यांनी युनायटेड आर्टिस्ट्स काढली. म्हणजे पगार घेणारी बाई आता मालकीण झाली. मेरी आणि फेअरबँक्स भागीदार आधी झाले आणि नवरा-बायको नंतर, हा क्रम बरेच जण उलटा सांगतात.

८. फेअरबँक्सशी ओळख कशी झाली? दोघंही विवाहित होती ना?

हो, दोघंही. नोव्हेंबर १९१५ मध्ये न्यूयॉर्कजवळ टॅरिटाउन इथे एल्सी जॅनिस या नटीच्या घरच्या पार्टीत भेट झाली. फेअरबँक्सची बायको बेथ सली, आणि एक मुलगा. मेरी कागदावर तरी ओवेन मूरची.

डिसेंबर १९१६ मध्ये फेअरबँक्सची आई गेली. मेरी सांगायची त्याप्रमाणे, दोघं मोटारीतून सेंट्रल पार्कमध्ये फिरत असताना तो ढसाढसा रडला आणि तेव्हा मोटारीतलं घड्याळ नेमकं आईच्या मृत्यूच्या वेळेवर थांबलेलं दिसलं. तेव्हापासून ‘घड्याळाची शपथ’ हा दोघांमधला परवलीचा शब्द झाला. ही गोष्ट मला थोडी सिनेमातली वाटते, पण ती दोघंही सिनेमातलीच होती.

१९१८ मध्ये पहिल्या महायुद्धाचे लिबर्टी बाँड, म्हणजे सरकारी कर्जरोखे, विकायला चॅप्लिनसह ती दोघं देशभर फिरली आणि कुजबुज उघड चर्चेत बदलली. त्याच वर्षाच्या अखेरीस बेथने घटस्फोट मागितला.

९. तिचा नेवाडातला घटस्फोट बेकायदा होता, म्हणजे दुसरं लग्न अवैध ठरलं, असं वाचलं. खरं का?

सगळ्यात किचकट प्रश्न हाच, म्हणून जरा सविस्तर.

नेवाडा राज्यात घटस्फोट सोपा होता, पण त्यासाठी सहा महिन्यांचं वास्तव्य लागायचं. मेरी तिथे जेमतेम दोन-अडीच आठवडे राहिली होती. मात्र कायद्यात एक फट होती. प्रतिवादी ज्या काउंटीत सापडेल तिथे दावा लावता यायचा. आणि काय योगायोग, मेरी मिंडेन गावाजवळ प्रकृतीला विश्रांती देत असतानाच ओवेन मूरही नेमका त्याच भागात हजर! २ मार्च १९२० रोजी घटस्फोट मिळाला. मूरला एक लाख डॉलर मिळाले असं तेव्हा सर्रास बोललं जायचं. आपला पुन्हा लग्नाचा विचार नाही असं सुचवून मेरी बाहेर पडली आणि २८ मार्चला लॉस एंजेलिसमध्ये एका पाद्र्याच्या घरी फेअरबँक्सशी तिचं लग्न लागलं. मध्ये २६ दिवस.

नेवाडाचे अ‍ॅटर्नी जनरल भडकले. हा संगनमताचा घटस्फोट आहे, रद्द करा, म्हणून ते कोर्टात गेले. निकाल विरुद्ध गेला असता तर मेरीवर द्विभार्येच्या धर्तीवर दोन नवऱ्यांचा ठपका आला असता आणि कारकीर्द संपली असती. खटला दोन वर्षं डोक्यावर टांगता राहिला. १९२२ मध्ये नेवाडाच्या सर्वोच्च न्यायालयाने घटस्फोट कायम ठेवला. तेव्हा कायद्याच्या दृष्टीने दुसरं लग्न वैध. चर्चच्या दृष्टीने काय, ते १६ मध्ये.

१०. एवढं होऊनही लोकांनी तिला माफ कसं केलं?

तिला स्वतःलाच हा प्रश्न पडला होता, आणि लग्न लांबवण्यामागे हीच भीती होती. झालं उलटं. जून १९२० मध्ये दोघं मधुचंद्राला युरोपात गेली तर लंडनमध्ये गर्दीने मेरीला उघड्या मोटारीतून जवळजवळ ओढून काढलं. शेवटी फेअरबँक्सने तिला खांद्यावर घेऊन वाट काढली. १९२६ मध्ये मॉस्कोतही तीच गर्दी. त्या भेटीच्या चित्रफितीचे तुकडे वापरून सोव्हिएत दिग्दर्शक सर्गेई कोमारोव्हने ‘मेरी पिकफर्डचं चुंबन’ नावाचा विनोदी चित्रपटच करून टाकला (१९२७). पडद्यावरची सगळ्यांत लाडकी मुलगी आणि सगळ्यांत धाडसी गडी यांची जोडी जमली, एवढंच लोकांना दिसलं. आधीचे नवरा-बायको कुणाच्या लक्षात राहिले नाहीत.

११. पिकफेअर म्हणजे काय?

पिकफर्डमधला ‘पिक’ आणि फेअरबँक्समधला ‘फेअर’ जोडून झालेलं घराचं नाव. बेव्हर्ली हिल्समधलं हे शिकारघर फेअरबँक्सने १९१९ मध्ये घेतलं आणि वास्तुविशारद वॉलेस नेफकडून वाढवून घेतलं. आइनस्टाइन, एच. जी. वेल्स, कॉनन डॉयल असे पाहुणे तिथे जेवून गेले. जेवणाच्या टेबलावर मेरी आपल्याच शेजारी बसली पाहिजे हा यजमानांचा हट्ट असे, शिष्टाचार गेला खड्ड्यात. १९८८ मध्ये घर विकलं गेलं आणि नव्या मालकांनी ते जवळजवळ सगळं पाडलं.

१२. बाई तिशीत असून लहान मुलींची कामं का करायची?

कारण लोक तेच मागत होते, आणि ती ते अफाट चांगलं करायची. उंची पाच फुटांच्या आसपास. ‘द पुअर लिटल रिच गर्ल’ (१९१७) मध्ये ती लहान दिसावी म्हणून खुर्च्या-टेबलं मुद्दाम मोठी बनवली होती. ‘पॉलिअ‍ॅना’ (१९२०) मध्ये २७ वर्षांची मेरी बारा वर्षांची झाली. ‘लिटल लॉर्ड फॉन्टलरॉय’ (१९२१) मध्ये तर आई आणि मुलगा दोन्ही तीच. त्यात मुलगा आईचा मुका घेतो त्या काही सेकंदांसाठी कॅमेरामन चार्ल्स रोशरने तासन्‌तास खर्ची घातले.

तिला याचा कंटाळा आला होता. दिग्दर्शक एर्न्स्ट लुबिचला जर्मनीहून बोलावून ‘रोझिटा’ (१९२३) केला, तो तिला स्वतःलाच आवडला नाही. मार्च १९२८ मध्ये आई गेली आणि जूनमध्ये तिने न्यूयॉर्कमध्ये ते प्रसिद्ध केस कापून टाकले. वर्तमानपत्रांनी पहिल्या पानावर बातमी दिली. चाहत्यांची पत्रं घरात कुणी वारल्यासारखी आली.

१३. फेअरबँक्सशी का फाटलं?

एक कारण सांगून भागणार नाही. बोलपट आले, दोघांचीही उमेदीची वर्षं सरत होती. दोघांनी मुख्य भूमिकांत एकत्र केलेला एकच चित्रपट, शेक्सपिअरच्या नाटकावरचा ‘द टेमिंग ऑफ द श्रू’ (१९२९), आणि त्याच्या सेटवरच ताण दिसायला लागला. (फेअरबँक्सच्या ‘द गाउचो’मध्ये मेरी क्षणभर येते ती कुमारी मरियम म्हणून.) फेअरबँक्सला पायाला भिंगरी लागलेली, सतत परदेशी. मेरीला काम आणि घर सोडवत नव्हतं. आणि ती आता चोरून प्यायला लागली होती.

मग इंग्लंडमध्ये त्याचं सिल्व्हिया अ‍ॅशलीशी जमलं. जुलै १९३३ मध्ये वेगळं होण्याची बातमी फुटली, डिसेंबरमध्ये मेरीने अर्ज केला आणि जानेवारी १९३६ मध्ये घटस्फोट पक्का झाला. दोनच महिन्यांत त्याने पॅरिसमध्ये सिल्व्हियाशी लग्न केलं. १९३९ हे साल विलक्षण म्हणायला हवं. जूनमध्ये ओवेन मूर गेला आणि डिसेंबरमध्ये फेअरबँक्स.

१४. बडी रॉजर्स तिच्यापेक्षा किती लहान होता?

बारा वर्षांनी. ‘माय बेस्ट गर्ल’ (१९२७) मध्ये तो तिचा नायक होता. त्याच वर्षीच्या ‘विंग्ज’ने त्याला प्रसिद्धी दिली आणि पुढे त्याने वाद्यवृंद चालवला. लग्न जून १९३७ मध्ये झालं आणि ४२ वर्षं टिकलं, आधीच्या दोन्ही लग्नांच्या बेरजेपेक्षा जास्त. तरी चरित्रांत या नवऱ्याच्या वाट्याला सर्वांत कमी पानं येतात. राहतं घर पिकफेअरच, म्हणजे बिचारा जन्मभर दुसऱ्या जोडप्याच्या नावाच्या घरात राहिला.

१५. तिला मुलं होती का? डग्लस फेअरबँक्स ज्युनियर तिचाच ना?

नाही. ज्युनियर हा बेथ सलीचा मुलगा, जन्म १९०९. मेरी त्याची सावत्र आई, आणि दोघांचं पुढे चांगलं जमलं. मेरीला स्वतःचं मूल झालं नाही. रॉजर्सशी लग्नानंतर १९४० च्या दशकात तिने एक मुलगा आणि एक मुलगी दत्तक घेतली.

१६. ती कॅथलिक होती तर दोन घटस्फोट कसे चालले?

चर्चला चालले नाहीतच. घरचा गोंधळ आधीपासूनचा होता. वडील मेथडिस्ट, आईकडचे आयरिश कॅथलिक. मेरीचा पहिला बाप्तिस्मा वडिलांच्या पंथाप्रमाणे झाला. पुढे चार वर्षांची असताना घरात साथीचा आजार शिरला, तेव्हा आजीने कॅथलिक पाद्र्याला सांगून पुन्हा करवला. ओवेन मूरही कॅथलिक. म्हणूनच मूर इतका वाईट वागूनही घटस्फोटाचं पाऊल मेरीला जड गेलं. फेअरबँक्सशी लग्न बॅप्टिस्ट पाद्र्याने लावलं.

१७. ती अमेरिकन की कॅनेडियन?

कॅनडाचं स्वतंत्र नागरिकत्व १९४७ मध्ये सुरू झालं. त्याआधी तिथले लोक ब्रिटिश प्रजाजन होते. अमेरिकन फेअरबँक्सशी लग्न केल्याने आपलं ते नातं तुटलं असं मेरी धरून चालली होती, कारण त्या काळी बाईचं नागरिकत्व नवऱ्यामागे जायचं. आयुष्याच्या शेवटी कॅनेडियन म्हणून मरावं अशी इच्छा झाली, तिने अर्ज केला आणि तो मंजूर झाला. म्हणजे अखेरीस दोन्ही.

१८. भावंडांचं काय झालं?

वाईट झालं. जॅक आणि लॉटी दोघांनाही मेरीच्या जोरावर सिनेमात कामं मिळाली. जॅकची पहिली बायको, नटी ऑलिव्ह थॉमस, सप्टेंबर १९२० मध्ये पॅरिसमध्ये पाऱ्याचं विषारी औषध पोटात गेल्याने दगावली. पुढे त्याने आणखी दोन लग्नं केली आणि १९३३ मध्ये तो गेला. लॉटीची चार लग्नं झाली, ती १९३६ मध्ये गेली. दोघांनाही दारूने ग्रासलं होतं. पुढे मेरीलाही तिने सोडलं नाही.

१९. ऑस्कर किती?

दोन. ‘कॉकेट’ (१९२९) या तिच्या पहिल्या बोलपटासाठी सर्वोत्कृष्ट अभिनेत्री, आणि १९७६ मध्ये सन्मानार्थ दिलेलं. दुसरं तिला पिकफेअरमध्येच देऊन त्याचं चित्रण समारंभात दाखवलं. पहिल्याबद्दल बोलायचं तर ती ऑस्कर देणाऱ्या अकादमीच्या ३६ संस्थापकांपैकी होती आणि परीक्षकांना तिने घरी चहाला बोलावलं होतं, अशी कुजबुज तेव्हाही होती. ‘कॉकेट’ आज पाहिला तर कुजबुजीत तथ्य असावं असं वाटतं. २९ मे १९७९ रोजी सांता मोनिकात तिचं निधन झालं.

२०. भारतात, विशेषतः महाराष्ट्रात, तिचे चित्रपट लोक बघत होते का?

तेव्हा आपल्या थिएटरांत परदेशी, त्यातही अमेरिकी चित्रपटांचाच भरणा होता. चित्रपटांची चौकशी करणाऱ्या १९२७-२८ च्या सरकारी रंगाचारी समितीसमोर हाच मुख्य मुद्दा होता. पण इथे खरी छाप पडली ती तिच्या नवऱ्याची. फेअरबँक्सच्या ‘थीफ ऑफ बगदाद’ने आपल्याकडच्या साहसपटांना वळण दिलं आणि बाबूराव पेंटरांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीतून पुढे आलेले मास्टर विठ्ठल ‘भारताचे डग्लस फेअरबँक्स’ म्हणून ओळखले गेले. मेरी आठवड्याला ५०० डॉलरवर फेमस प्लेयर्समध्ये आली ते १९१३ साल, आणि फाळक्यांच्या ‘मोहिनी भस्मासुर’मध्ये दुर्गाबाई कामत आणि कमलाबाई या माय-लेकींनी पडद्यावर पाऊल टाकलं तेही १९१३ च. त्या दोघीही रंगभूमीवरूनच आल्या होत्या.

२१. तिचे मूकपट आज बघायला मिळतील का? सुरुवात कशाने करू?

मिळतील, आणि हे थोडक्यात बचावलेलं प्रकरण आहे. आपले चित्रपट नव्या पिढीला हास्यास्पद वाटतील या भीतीने तिने ते नष्ट करायचं मनावर घेतलं होतं. मित्रमंडळींनी समजावलं. १९७० मध्ये तिने बायोग्राफच्या काळातले चित्रपट अमेरिकन फिल्म इन्स्टिट्यूटला दिले. १९२८ पर्यंतचे बहुतेक मूकपट आता अमेरिकेत कॉपीराइटमुक्त असल्याने इंटरनेटवर सापडतात.

सुरुवात ‘स्पॅरोज’ने (१९२६) करा. दलदलीतून अनाथ पोरांना घेऊन निघालेली मेरी आणि खाली जबडा उघडून बसलेल्या मगरी. मग ‘स्टेला मॅरिस’ (१९१८) बघा, त्यातल्या दोन मुलींपैकी दुसरी तीच आहे हे ओळखायला मला वेळ लागला. आणि नंतर ‘माय बेस्ट गर्ल’. त्यात पावसात रस्ता ओलांडणाऱ्या मेरी आणि बडीला बघताना ही जोडी दहा वर्षांनी खरंच लग्न करणार आहे हे आपल्याला माहीत असतं, त्यांना नसतं.